फ्लूनंतर छातीत राहिलेला कफ: पातेल्यातली वाफ की नेब्युलायझर?

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात फ्लू येऊन गेला. आधी मला, मग तिसऱ्या दिवशी बायकोला. ताप चार-पाच दिवसांत उतरला, अंगदुखी गेली, तोंडाला चव आली; छातीतली खरखर मात्र मुक्कामाला राहिली. रात्री आडवं झालं की ढास लागायची. पहाटे उठून बेडका सुटेपर्यंत खोकत बसायचं. दिवसा फोनवर बोलताना मध्येच उबळ यायची आणि समोरचा काळजीने विचारायचा, "अजून बरं नाही का?" साडेपाच आठवडे हे चाललं.

त्या काळात आम्ही विजेवरचं वाफेचं यंत्र, नेब्युलायझर (द्रवाचं बारीक धुकं करून मास्कमधून देणारं यंत्र) आणि साधं पातेलं असे तिन्ही प्रकार वापरून पाहिले. मी डॉक्टर नाही, आणि दोन माणसांच्या अनुभवावरून नियम सांगता येत नाही. पण मेडिकलच्या दुकानात 'घेऊ की नको' अशा विचारात कुणी उभं असेल, तर आम्हाला जे नंतर कळलं ते त्याला आधी कळावं असं वाटतं.

कुठलंही घ्या, खोकला त्याच्या वेळेनेच जातो. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं आतलं अस्तर खरवडून काढतो. त्या अस्तरावरची बारीक केसासारखी लव एरवी कफ हळूहळू वर ढकलत असते. ती पुन्हा नीट उगवायला काही आठवडे लागतात, तोवर कफ बाहेर काढायचं सगळं काम खोकल्यावर पडतं. म्हणून फ्लूनंतर तीन ते आठ आठवडे खोकला रेंगाळणं नवलाचं नाही. कफ पिवळा-हिरवा दिसला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असंही नाही; आमच्या डॉक्टरांनी ते दोनदा मागूनही दिलं नाही आणि आज मला ते पटतं.

मात्र आपल्या देशात दोन आठवड्यांच्या पुढे गेलेल्या खोकल्याला 'फ्लूनंतरचाच असेल' म्हणून सोडून देऊ नये. क्षयरोगाची शंका फिटायला हवी. आमच्याकडे दोघांचीही थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे झाला, तेव्हा कुठे मन निवांत झालं. थुंकीची ही तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. थुंकीत रक्त दिसलं, जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, उतरलेला ताप पुन्हा चढला किंवा वजन घटू लागलं, तर पुढचं काहीही न वाचता डॉक्टरांकडे जा.

आता तुलनेकडे.

विजेवरच्या वाफेच्या यंत्राबद्दल थोडक्यात सांगतो, कारण आमच्याकडे ते जेमतेम आठवडाभर चाललं. वाफ लगेच येते, तोंडाजवळ धरायला सोपं, गॅसपाशी उभं राहावं लागत नाही. आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहतो. महापालिकेचं पाणी होतं तोवर यंत्र ठीक चाललं. मग सोसायटीत चार दिवस टँकर आले आणि आत पांढरा थर बसू लागला. गरम पाण्याचे थेंब उडून दोनदा हनुवटीवर आले, तेव्हा मी ते बंद केलं. तुमच्याकडे पाणी जड, म्हणजे क्षारांचं, नसेल तर तुमचा अनुभव कदाचित वेगळा असेल.

खरा प्रश्न नेब्युलायझरचा होता. कागदावर तो सरळ जिंकतो. पातेल्यातली वाफ नाकात आणि घशात थंड होऊन तिथेच पाण्याचे थेंब होते, छातीत खोलवर फारशी पोहोचत नाही. नेब्युलायझर पाण्याचं इतकं बारीक धुकं करतो की ते खालच्या श्वासनलिकांपर्यंत जातं. कफ छातीत आहे, मग उपाय छातीपर्यंत पोहोचणारा नको का? बायकोचं हेच म्हणणं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. डॉक्टरांनी फक्त सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, घ्यायला सांगितलं होतं, औषध नाही. पहिल्या तीन दिवसांत तिला चांगला फरक वाटला. दहा मिनिटं मास्क लावून बसली की पुढच्या अर्ध्या तासात कफ सैल व्हायचा. मलाही तसंच वाटलं. आवाज थोडा होता. रात्री अकराला खालच्या मजल्यावर जाईल म्हणून आम्ही यंत्राखाली जुनी सतरंजी घडी करून ठेवायचो. ते चालण्यासारखं होतं.

चालण्यासारखं नव्हतं ते वाळवणं.

प्रत्येक वेळेनंतर सलाइनची छोटी वाटी आणि मास्क धुवायचा, झटकायचा आणि हवेवर पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, असं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. ते नुसतं टापटिपीसाठी नाही. ओलसर वाटीत जंतू वाढतात आणि पुढच्या वेळी तेच धुकं बनून थेट फुप्फुसात जातात. दोन माणसं, दिवसातून दोनदा, म्हणजे चार वेळा धुणं. एकमेकांचा मास्क वापरायचा नाही, म्हणून दुसरं किट आणलं. आणि महिना कुठला? ऑगस्ट. बाहेर दिवसभर रिपरिप, गॅलरीतल्या दोरीवर टॉवेल दोन दोन दिवस दमट, कपाट उघडलं की कोंदट वास. अशा हवेत प्लॅस्टिकची ती वाटी वाळते कुठे? पंख्याखाली वर्तमानपत्रावर ठेवली, भांड्यांच्या जाळीत उपडी ठेवली, पातळ फडक्यावर ठेवून पाहिली. सकाळी बघावं तर झाकणाच्या आतल्या कडेला थेंब तसेच. नळीतही दव धरायचं. मग नुसती मोटार चालू ठेवून ती कोरडी करायची.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका रात्री मास्क तोंडाशी नेला आणि आतून न वाळलेल्या कपड्यांचा वास आला. मी तो खाली ठेवला. बायकोने हातात घेऊन वास घेतला आणि काही न बोलता मोटारीची वायर काढली. आमच्यापुरता निर्णय त्या क्षणी झाला. कफ कमी होत होता की नव्हता, हा प्रश्नच मागे पडला; छातीत काय ओढून घेतोय याची खात्री राहिली नव्हती.

आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि दुसरी, लहान, जानेवारी ते मार्चमध्ये. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तोही ऑगस्टमध्येच. म्हणजे हे यंत्र ज्या महिन्यांत सर्वांत जास्त लागतं, त्याच महिन्यांत ते पुण्यात नीट वाळत नाही. आम्हाला मार्चच्या कोरड्या हवेत फ्लू झाला असता, तर कदाचित मी हे सगळं वेगळं लिहिलं असतं.

मग राहिलं पातेलं.

याच्या विरुद्ध जाणारी मोठी गोष्ट आधी सांगतो: भाजणं. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीजवळ किंवा डगमगत्या स्टुलावर ठेवून वाफ घेणं धोक्याचं आहे आणि लहान मुलांना तर अशी वाफ देऊच नये. आम्ही पातेलं थेट स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ठेवायचो. पाणी उकळलं की गॅस बंद, दोन मिनिटं थांबायचं, पातेलं सिंकमध्ये, आणि उभ्यानेच वर वाकून डोक्यावरून टॉवेल. कलंडलंच तर पाणी मोरीतून निघून जातं, अंगावर येत नाही. डोळे मिटलेले, चेहरा हातभर दूर, पाच-सात मिनिटं.

पाण्यात आम्ही काही घातलं नाही. ओवा, निलगिरी, बाम यांनी नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण बाममधल्या मेंथॉलचं ते मोकळेपण बरंचसं गारव्याच्या जाणिवेतलं असतं, आणि माझ्या चिडलेल्या घशाला उग्र वासाने उलट ठसका लागायचा. आईचा ओव्यासाठी आग्रह होता. तिच्यासाठी ओव्याची पुरचुंडी उशीशी ठेवली आणि वाफ साधीच घेतली.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर, वाफ छातीत खोल जात नाही हे मी वर लिहिलंच आहे. तरी मला गुण आला, आणि त्याचं श्रेय एकट्या वाफेचं नसावं. वाफ घेऊन झाली की मी लगेच खुर्चीत ताठ बसून दहा मिनिटं कफ काढायचो. ही पद्धत दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी दाखवली होती. चष्मा पुसताना काचेवर आपण 'हाऽऽ' करून फुंकर घालतो, तसंच करायचं: साधारण मध्यम श्वास घ्यायचा, तोंड उघडं ठेवायचं आणि पोट आत घेत दोन-तीनदा 'हाऽऽ' करत हवा बाहेर सोडायची. मग पोटाने सावकाश चार-पाच श्वास. मग पुन्हा. आवाजातली घरघर वर सरकताना कळते, आणि ती घशापाशी आली की एकदाच नीट खोकायचं. ढास लागत नाही, बरगड्या दुखत नाहीत. त्याआधी पंधरा पंधरा मिनिटं खोकून जो बेडका सुटत नव्हता, तो यात दोन-तीन फेऱ्यांत यायचा. नेब्युलायझरनंतरही हे करता आलंच असतं. पण तेव्हा आम्ही मास्क काढून थेट वाटी धुवायला पळायचो, बसायला सवड नसायची. पातेलं काय, पाणी ओतलं, फडक्याने पुसलं, जागेवर ठेवलं.

सिरपबद्दल दोन वाक्यं लिहावीच लागतील, कारण सगळे तेच आधी विचारतात. कफ असलेल्या ओल्या खोकल्यावर खोकला दाबणारं औषध घेतलं, तर झोप लागते आणि कफ आतच बसतो. म्हणून बाटलीवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन (खोकला दाबणारं) लिहिलंय की ॲम्ब्रॉक्सॉल (कफ पातळ करणारं), एवढं तरी पाहा. कफ पातळ करणारं एक सिरप मला दिलं होतं, त्यात श्वासनलिका मोकळ्या करणारं टर्ब्युटालिनही होतं. तासाभरात बोटं थरथरू लागली आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी ते बंद केलं. लहान मुलांना तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुठलंही सिरप देऊ नये. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल असलेल्या कफ सिरपमुळे मुलं दगावली, हे विसरता येत नाही.

रात्रीसाठी आमचं ठरलेलं होतं: झोपण्याआधी कोमट पाण्याबरोबर चमचाभर मध, डोक्याखाली दोन उशा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कधीच द्यायचा नाही, बाकीच्यांना रात्रीची ढास थोडी सौम्य होते. गणपती बसले तेव्हा उदबत्ती आणि कापराच्या धुराने दोघांनाही उबळ यायची, म्हणून आरती होईपर्यंत आम्ही दाराबाहेर उभे राहून टाळ्या वाजवायचो. दहा दिवस धूर टाळला, त्याचाही फायदा झाला असं मला वाटतं.

तेव्हा काय घ्यावं? दमा असेल, छातीतून शिटी वाजत असेल, डॉक्टरांनी नेब्युलायझरमधून औषधच द्यायचं ठरवलं असेल, तर त्याला पातेलं हा पर्याय नाही. नेब्युलायझरच घ्या, सोबत जास्तीचं किट घ्या आणि वाळवायची जागा आधी ठरवा. सलाइन मात्र बंद, निर्जंतुक कुपीतलंच. घरी मीठ कालवून केलेलं पाणी त्यात कधीही घालू नका. घरात म्हातारं माणूस असेल, ज्याला वाकून उभं राहता येत नाही, तिथेही मी नेब्युलायझरकडेच झुकेन. पण एरवी धडधाकट माणूस, फ्लू होऊन गेलेला, तपासण्या स्वच्छ, फक्त कफ रेंगाळलेला आणि बाहेर पाऊस, तर मी पैसे खर्च करण्याआधी दोन आठवडे सिंकमधलं पातेलं आणि 'हाऽऽ' करून पाहीन.

सहाव्या आठवड्यात आम्ही दोघं पर्वतीच्या टेकडीवर चढून गेलो. मध्ये एकदाच थांबलो, तेही बायकोच्या चपलेचा पट्टा निघाला म्हणून. नेब्युलायझर आता शेजारच्या काकांकडे आहे. त्यांना दमा आहे आणि मास्क, वाटी, नळी त्यांनी नवीन घेतली. नोव्हेंबरमध्ये विचारलं, वाळतं का हो सगळं? म्हणाले, "सकाळी लावलं की दुपारी खडखडीत."