स्वतःचं प्रतीकचित्र: कॅनव्हा, आयबिसपेंट, इंकस्केप की एआय?

स्वतःचं डिजिटल चित्र करायचंय, पण नुसता चेहरा नको. आपल्याला काय आवडतं, आपण काय मानतो ते त्यात दिसलं पाहिजे. असं ठरवलं की पहिला प्रश्न अ‍ॅपचा येतो. जळगाव-धुळ्याकडच्या बहुतेक मुलामुलींकडे मोबाइलच असतो, फार तर घरात एखादा जुना लॅपटॉप. तेवढ्यात जमणारे हे चार पर्याय.

अ‍ॅप उघडण्याआधी वस्तू ठरवा. चेहरा लागतोच असंही नाही. चित्रकार व्हॅन गॉगने 1888 मध्ये फ्रान्समधल्या आर्ल गावी स्वतःची साधी खुर्ची रंगवली, बैठकीवर पाइप आणि तंबाखू. सोबत राहणाऱ्या गोगँ या चित्रकाराची खुर्ची वेगळी काढली, तिच्यावर मेणबत्ती आणि पुस्तकं. दोन्ही चित्रांत माणूस नाही, तरी दोघांचे स्वभाव कळतात. आपली यादीही इतकीच नेमकी हवी. ‘निसर्गाची आवड’ एवढ्यावर चित्र होत नाही. रावेर-यावलकडच्या कुणाला घरची शेती पुढे न्यायची असेल, तर घड उतरवल्यावर कापलेलं केळीचं खोड आणि बुंध्याशी वर आलेलं पिलू, म्हणजे नवा कोंब, काढा. पुढचं पीक, म्हणजे पिलबाग, त्याच पिलावर धरतात, सगळं त्यात आलं.

कॅनव्हा सगळ्यांत झटपट. मोबाइलवर चालतं, देवनागरी फॉन्ट मिळतात, तासाभरात काहीतरी हाती येतं. पण मुकुटाचं चिन्ह असलेली चित्रं आणि फोटोची पार्श्वभूमी काढून टाकायची सोय पैसे भरल्यावरच मिळते. त्याहून मोठी अडचण म्हणजे तयार साच्यातले दिवे, पुस्तकं, पानंफुलं हजारो जणांच्या चित्रांत तीच असतात. केळी शोधली की पिवळ्याधमक फण्या समोर येतात, आपल्याला हवं ते खोड कुठलं मिळायला! म्हणून साचा मांडणीपुरता घ्या आणि आत फोटो आपलेच लावा: श्रावणात घरी बसवलेली कानबाई देवी, आजीचा अडकित्ता, स्वतःची खाडाखोड केलेली वही. सकाळच्या उजेडात, जवळून काढलेले.

आयबिसपेंट हे हाताने चित्र काढायचं अ‍ॅप मला मनापासून आवडतं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर फुकट चालतं, जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात. आपण काढलेला फोटो खालच्या लेअरवर (थरावर) फिकट करून ठेवायचा आणि वरच्या लेअरवर बोटाने गिरवायचं. हात थरथरत असेल तर रेषा सावरून धरणारा स्टॅबिलायझर आहे. वेळ जातो, पण तो वेळच कामाचा. केळीचं पान गिरवायला घेतलं की लक्षात येतं, मधल्या दांड्यापासून निघालेल्या शिरा एकमेकींना समांतर काठापर्यंत जातात आणि वाऱ्याने पान फाटतं तेही त्या शिरांच्याच रेषेत. आयत्या चित्रावर बोट ठेवून हे कधी कळत नाही. शिवाय गिरवताना नको असलेल्या वस्तू आपोआप गळतात, कारण प्रत्येक वस्तूला मेहनत पडते.

इंकस्केपला लॅपटॉप हवाच. ते मोफत आहे, मुक्तस्रोत आहे आणि वेक्टर पद्धतीचं, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी चित्र साठवणारं, असल्याने चित्र कितीही मोठं केलं तरी फुटत नाही. दोन-तीन ठसठशीत आकारांचं चिन्ह करून पुढे टी-शर्टवर किंवा बॅनरवर वापरायचं असेल तर हेच बरं. पेन टूलवर हात बसेपर्यंत चिकाटी लागते.

एआयला वर्णन लिहून दिलं की मिनिटभरात चित्र मिळतं. दिसायला देखणं, पण कुणाचंही खपून जाईल असं. देवनागरी अक्षरं कधीकधी मोडकी येतात आणि कुठली वस्तू कुठे ठेवायची ही निवड पूर्णपणे आपल्या हातात राहत नाही. स्वतःचं म्हणून दाखवायच्या चित्रासाठी मी ते सुचवणार नाही. रंगसंगती चाचपून बघायला चालेल.

दोन दिवसांत द्यायचं असेल तर कॅनव्हा, पण आपल्या फोटोंसह. आठवडा-पंधरवडा हाताशी असेल तर नवख्यानेही आयबिसपेंटच घ्यावं. वर्षानुवर्षं वापरायची खूण हवी असेल तर इंकस्केप.

छापायचं असेल तर कॅनव्हा किंवा आयबिसपेंटमध्ये सुरुवातीलाच आकार 2480 × 3508 पिक्सेल ठेवा. ए4 कागदावर 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) तेवढा लागतो, मागाहून वाढवला तर चित्र धूसर होतं. आणि छपाईवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवली की बारकावे जातात.