लेखनाची घाई न करणारी बालवाडी
कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका लहान बालवाडीत माझी नात शिकते. मूल लिहायला कधी लागेल, असे प्रवेशाच्या वेळी बहुतेक पालक विचारतात. इथल्या ताई आधी मुलांच्या हातांविषयी बोलतात. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातील हाडांची वाढ अपुरी असते आणि बोटांचे बारीक स्नायूही अजून घडत असतात, म्हणून अक्षरे गिरवून घेण्याऐवजी माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे आणि वाळूत बोटाने वळणे काढणे यांनाच पहिले वर्ष दिले जाते. बेंदराच्या सुमारास मुलांनी मातीचे बैल केले. चिमटीत धरून शिंगे ओढून काढणारी बोटे पुढे पेन्सिलही नीट धरतात. ताईंनी एकाही मुलाचा बैल स्वतःच्या हाताने सुधारला नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटले.

शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणणारे मूल पाच चिंचोके मोजून देताना अडखळते, कारण अंकांचा क्रम पाठ असणे आणि प्रत्येक वस्तूला एकच अंक जोडणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत. त्यामुळे खाऊच्या वेळी ताटल्या मांडून प्रत्येकीत एकेक लाडू ठेवण्याचे काम इथे मुलेच करतात. ‘मला नगं’ म्हणणाऱ्या मुलाला कोणी टोकत नाही. ताई प्रमाण मराठीत उत्तर देतात आणि मूल दोन्ही रूपे ऐकत राहते.

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये भावनगरला नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला, तेव्हापासून मुलाच्या कलाने शिकवण्याचा हा विचार आपल्याकडे रुजतो आहे, आणि कोल्हापुरात तर लीलाताई पाटील यांच्या सृजन आनंद विद्यालयाचा वारसा आहे. तरीही इतर अनेक ठिकाणी बालवर्गातील मुलांना पानेच्या पाने गृहपाठ दिला जातो, याचे वाईट वाटते.

उणीव जागेची आहे. पावसाळ्यात मुले एकाच खोलीत कोंडली जातात, धावणे-चढणे जवळजवळ बंद होते, आणि या वयात ते लेखनापेक्षाही अधिक गरजेचे असते. शिवाय मुलाच्या प्रगतीची लेखी नोंद पालकांना मिळत नाही. ती द्यावी, अशी विनंती मी केली आहे. पहिलीसाठी ज्या शाळेचा विचार असेल, तिथे प्रवेशाच्या वेळी लेखनाची अपेक्षा असल्यास पालकांनी ताईंशी आधीच बोलून घ्यावे.