सीलबंद खोक्याचा मोह

हत्यारांच्या बाबतीत आपल्याला कोणी फसवू शकणार नाही, असा माझा समज होता, आणि ज्याने मला फसवले त्याने नेमका याच समजाचा फायदा घेतला. घरातील किरकोळ दुरुस्तीपासून सुरू झालेला माझा छंद हळूहळू एका छोट्या कार्यशाळेपर्यंत पोहोचला आहे. रंधा, चार पटाश्या, हाताने फिरवायचे दातेरी चाकाचे ड्रिल आणि दोन कानशी ही माझी जिवलग हत्यारे. विजेवर चालणाऱ्यांत एकच जुने, वजनदार ड्रिल होते. त्याच्या चकचा, म्हणजे बिट धरून ठेवणाऱ्या भागाचा, एक जबडा झिजून बिट घसरू लागले, तेव्हा बॅटरीवर चालणारे ड्रिल आणि १०० मिमी चकतीचे ग्राइंडर एकदमच घेऊन टाकावे, असे मनात आले आणि ते मी चारचौघांत बोलूनही दाखवले.

काही दिवसांनी एक गृहस्थ कार्यशाळेत आले. ओळखीच्या एकाचे नाव त्यांनी घेतले. ती ओळख खरी आहे का, हे मी विचारले नाही. एका मोठ्या कंत्राटासाठी मागवलेला माल काम रद्द झाल्याने अडकून पडला आहे, तो परत पाठवणे परवडत नाही, म्हणून मोजके संच ओळखीच्या लोकांना देत आहोत, असे त्यांनी सांगितले. किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून थोडी कमी होती. ती अगदीच पाणी असती तर मी सावध झालो असतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असावे.

त्यांनी पिशवीतून वापरातले एक ड्रिल काढले, माझ्याच शिकंज्यात ६ मिमी जाडीची लोखंडी पट्टी धरली आणि १० मिमीचे भोक असे सहज पाडले, की दोन लांब वेटोळी किसे बाहेर आले आणि यंत्राचा आवाज कणभरही खाली बसला नाही. मी स्वतः दुसरे भोक पाडून पाहिले. हातात धरताच यंत्राची जात कळते असे आपण म्हणतो, आणि त्या यंत्राची जात खरोखरच उत्तम होती. मी होकार दिला. त्यावर ते म्हणाले, "साहेब, हा डेमोचा नग आहे, शंभर हातांतून गेलेला. तुम्हाला मी सीलबंद देतो." गाडीतून दोन खोकी आली आणि मी आनंदाने घेतली. माझ्या मते सगळी फसवणूक या एका वाक्यात होती. ज्याची कसोटी झाली ते यंत्र मी स्वतःहून परत केले आणि ज्याची झाली नाही ते पैसे देऊन घरात घेतले, तेही सील पाहून.

मी अगदीच डोळे मिटून व्यवहार केला, असेही नाही. सील तोडले, ड्रिलला बॅटरी लावून बटण दाबले, ग्राइंडर विजेला जोडून मिनिटभर चालवले. दोन्हींचा आवाज गोड होता. पण बिनभाराने फिरणारी मोटर जवळजवळ काहीच सांगत नाही. चकती हवेत फिरताना मोटर अगदी थोडा प्रवाह ओढते, वाइंडिंग, म्हणजे मोटरमधील तारेची गुंडाळी, तापत नाही, गिअरच्या दात्यांवर जोर येत नाही, त्यामुळे टाकाऊ यंत्रही मिनिटभर चांगल्या यंत्रासारखेच गाते. बॅटरी हाताला हलकी लागली तेव्हा मी तसे बोललोही. उत्तर तयार होते: मोटर ब्रशलेस, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे (ब्रश) नसलेली, असल्याने कमी प्रवाहात काम होते, म्हणून बॅटरी लहान पुरते. ब्रशलेस मोटर अधिक कार्यक्षम असते हे मी वाचले होते, आणि अर्धवट माहिती असलेल्या माणसाला पटवायला अर्धे सत्य पुरते. आपले ज्ञान कोणी दुजोरा देऊन परत केले, की आपण ते तपासत नाही.

बिलाऐवजी मला हाताने लिहिलेली एक चिठ्ठी मिळाली आणि वॉरंटीचे कार्ड मिळाले, ज्यावर शिक्का नव्हता.

पहिल्याच रविवारी सागाच्या फळीत स्क्रू बसवताना ड्रिल चौथ्या स्क्रूवर अडखळले. लाकूड कठीण असेल म्हणून मी आधी बारीक भोक पाडून घेतले, तरीही बॅटरी वीस मिनिटांत संपली. त्याच संध्याकाळी दिवा लावण्याआधी पुन्हा बटण दाबले, तेव्हा हवा खेळण्यासाठी ठेवलेल्या फटींतून निळसर ठिणग्या दिसल्या. ब्रशलेस मोटरमध्ये कार्बन ब्रश नसतात आणि त्यामुळे ब्रशखाली उडणाऱ्या ठिणग्याही नसतात. अंधारात फटींतून पाहण्याची ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, तिला एकही उपकरण लागत नाही, आणि मी ती पैसे देऊन झाल्यावर केली.

ग्राइंडरने अधिक धोकादायक रूप दाखवले. लोखंडी कोन कापताना पंधराव्या मिनिटाला जळक्या व्हार्निशचा, म्हणजे वाइंडिंगवरच्या विद्युतरोधक लेपाचा, वास आला आणि गिअरच्या धातूच्या टोपणावर ठेवलेल्या डाव्या हाताला झिणझिणी जाणवली. आधी ती कंपने वाटली. हात बदलल्यावर कळले की तो विजेचा झटका होता. मी प्लग काढला आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही यंत्रे मोटरींचे वाइंडिंग करणाऱ्या एका अनुभवी मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी ग्राइंडर उघडले, आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाच्या, तारेवर ब्लेडचे टोक ओढले आणि काही न बोलता ते माझ्यासमोर धरले. तांबूस थराखाली चंदेरी धातू होता. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार! ॲल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते, त्यामुळे तेवढ्याच जाडीच्या तारेचा रोध दीडपटीहून अधिक होतो आणि भार पडताच वाइंडिंग तापते. तांब्याची घनता ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त असल्याने असे यंत्र हलकेही असते, पण खोक्याला वजन यावे म्हणून मुठीच्या पोकळीत लोखंडाचा एक तुकडा चिकटवलेला होता. मिस्त्री म्हणाले, "साहेब, हे एवढं काही नाही. झटका का बसला ते बघा." दोन पिनांचा प्लग असलेल्या यंत्रावर एका चौकोनात दुसरा चौकोन, असे चिन्ह असते. त्याचा अर्थ यंत्राला दुहेरी विद्युतरोधन आहे, म्हणून अर्थिंगच्या तिसऱ्या पिनेची गरज नाही. त्यासाठी आर्मेचरचा दांडा आणि त्यावरील लोखंडी पत्र्यांची चळत यांच्यामध्ये विद्युतरोधक नळी बसवलेली असते. माझ्या ग्राइंडरवर चौकोनांचे चिन्ह सुबक छापलेले होते, नळी नव्हती. वाइंडिंगचे व्हार्निश जळताच वीज पत्र्यांतून दांड्यात, दांड्यातून गिअरच्या टोपणात आणि तिथून माझ्या हातात आली. खोटे बोलणारी अनेक लेबले मी पाहिली आहेत, पण जिवावर बेतणारे खोटे इतक्या नीटनेटक्या छपाईत प्रथमच पाहिले.

मग बॅटरी उघडली. तिच्यावर ठळक अक्षरांत '८८ व्हीएफ' आणि खाली '६ अँपिअर-अवर' असे छापले होते. आत दहा सेलची जागा आणि पाच सेल होते, उरलेल्या पाच जागा रिकाम्या. हे सेल १८ मिमी व्यासाचे आणि ६५ मिमी लांबीचे, म्हणजे १८६५० या नावाने ओळखले जाणारे नेहमीचे लिथियम-आयन सेल होते. अशा एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असतो; पाच एकामागे एक जोडले की १८ व्होल्ट, आणि नुकतेच चार्ज केलेले असतील तर २१. एकच बॅटरी कोणी १८ म्हणून विकतो, कोणी २० म्हणून, त्यात फारशी लबाडी नाही, मोजण्याची वेळ वेगळी एवढेच. पण ८८ व्होल्टसाठी पूर्ण चार्ज धरूनही किमान २१ सेल लागतील, आणि ते त्या खोळीत मावणे शक्यच नाही. 'व्हीएफ' ही अक्षरे कोणत्याही एककाची नाहीत. आकडा व्होल्टचा वाटावा, पण कोणी विचारलेच तर व्होल्ट नव्हता असे म्हणता यावे, एवढ्यासाठी ती असतात, असे मला वाटते. क्षमतेचेही तेच. या आकाराच्या सेलची क्षमता फार तर ३.५ अँपिअर-अवरच्या आसपास असते, आणि यंत्राला लागणारा मोठा प्रवाह देणारे सेल सहसा २ ते ३ च्या दरम्यान असतात, म्हणून एकाच रांगेत जोडलेल्या पाच सेलमधून ६ अँपिअर-अवर निघू शकत नाहीत. असा एक सेल साधारण ४५ ग्रॅमचा असतो. दहा सेलची बॅटरी म्हणजे खोळीशिवाय ४५० ग्रॅम. घरात वजनकाटा होता. मी बॅटरी त्यावर ठेवली नाही.

संचाबरोबर 'भेट' म्हणून आलेल्या वस्तूंबद्दल फार लिहीत नाही. सोनेरी रंगाच्या १३ बिटांचा रंग पहिल्या भोकातच उडाला. तो टायटॅनियम नायट्राइडचा कठीण थर नव्हता, नुसता रंग होता, आणि आतले साधे कार्बन पोलाद टोकाला निळे पडून मऊ झाले. चांगल्या बिटांचे हायस्पीड स्टील ६०० अंशांच्या आसपासही धार टिकवते, साधे पोलाद त्याच्या निम्म्या तापमानाच्या आधीच पाणी सोडते. ग्राइंडरच्या दगडाला बिटाचे दुसरे टोक लावून पाहिले, तर फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या पिवळ्या-पांढऱ्या ठिणग्या उडाल्या. हायस्पीडच्या ठिणग्या मंद, लालसर आणि फारशा न फुटणाऱ्या असतात. मात्र बिटाची शेपटी मुद्दाम वेगळ्या पोलादाची जोडलेली असू शकते, म्हणून ही परीक्षा कापणाऱ्या भागाजवळ घ्यावी. 'क्रोम व्हॅनेडियम' असे कोरलेल्या पान्यांचे जबडे दुसऱ्या नटावर फाकले.

कापायच्या चकत्यांबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे. राळेने बांधलेल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर वापरण्याची शेवटची मुदत ठोकलेली असते, कारण ओलाव्याने आणि काळाने ती राळ कमकुवत होते. ही मुदत उत्पादनापासून सहसा ३ वर्षांची असते. माझ्या पाचही चकत्यांच्या कड्यांवरील वर्ष कानशीने घासलेले होते. १०० मिमीची चकती मिनिटाला ११,००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा तिची कड सेकंदाला जवळजवळ ५८ मीटर वेगाने जाते, आणि तुटलेला तुकडा याच वेगाने सुटतो. त्या चकत्या मी कोणालाही दिल्या नाहीत, वाकवून मोडून टाकल्या. त्यांतल्या दोन तर नुसत्या हातानेच मोडल्या.

विक्रेत्याचा फोन तोवर बंद झाला होता. यंत्रांवरील नाव एका नामांकित कंपनीच्या नावाशी एवढे मिळतेजुळते होते, की एक अक्षर वेगळे आहे हे मला दुसऱ्याने दाखवावे लागले. तरी वेड्या आशेने मी त्या कंपनीच्या सेवाकेंद्रात गेलो. तेथील माणसाने अनुक्रमांक तपासला. तो क्रमांक खरा होता, पण तो भलत्याच कोणाच्या नावावर नोंदलेल्या एका करवतीचा होता. बिल नाही, विक्रेत्याचा पत्ता नाही, चिठ्ठीवरची सही वाचता येत नाही, अशा स्थितीत तक्रार कोणाविरुद्ध करायची, हा प्रश्न त्याने सौजन्याने विचारला आणि मला उत्तर देता आले नाही. तोच अनुक्रमांक मी कंपनीच्या नोंदणीत व्यवहाराच्या आधी, विक्रेता समोर असतानाच तपासू शकलो असतो.

ग्राइंडरची वायर मी मुळापासून कापली, म्हणजे भंगारातून उचलून कोणी ते पुन्हा चालवणार नाही. जुन्या ड्रिलचा चक बदलून घेतला. नवीन चकचा खर्च त्या संचाच्या किमतीपुढे नगण्य होता.

तीन महिन्यांनी शेजारच्या सुतारकाम करणाऱ्या मित्राने मला बोलावले. माणूस वेगळा होता, पण पिशवी, पट्टी आणि रद्द झालेले कंत्राट तेच होते. भोक पाडून झाले, किसे निघाले, सीलबंद खोके पुढे आले. मी म्हटले, "आम्हाला सीलबंद नको, हातातला हा डेमोचा नगच द्या. सांगाल ती पूर्ण किंमत रोख देतो."

"तो विकायचा नसतो साहेब."

"मग खोक्यातल्याने याच पट्टीला एक भोक पाडून दाखवा."

सील तोडले तर माल परत घेतला जाणार नाही, असे म्हणत त्यांनी सामान आवरायला घेतले, आणि घाईत पट्टी शिकंज्यातच राहिली. मित्राने ती ठेवून घेतली आहे. भोक खरोखर सुरेख पडले आहे.