ठसा शिकायचा तर आधी प्लास्टर की आधी संगणक?

देवाचे टाक आणि धनत्रयोदशीची चांदीची नाणी यांच्यासाठी सोलापूरच्या सराफांना ठसे लागतातच. त्यात जिल्ह्यातच पंढरपूर आणि अक्कलकोट असल्यामुळे विठोबा-स्वामींच्या नाण्यांना मागणी आहे. टांकसाळीत नोकरीची वाट मात्र अरुंद. देशात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चारच टांकसाळी, जागा मोजक्या, आणि फाइन आर्टची पदवी लागते. वाट कुठलीही धरा, डाय, म्हणजे नाणं उठवायचा हा ठसा, आता बहुधा सीएनसीवरच, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावरच, कापली जाते. तेव्हा ठरवायचं एवढंच, की मॉडेलवर, म्हणजे डाय ज्यावरून कापतात त्या नमुन्यावर, हात बसवायचा तो कशात.

संगणकाची सोय नाकारण्यात अर्थ नाही. झीब्रशसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पेनने घडवलेलं मॉडेल दहा ग्रॅमच्या नाण्यावरून वीस ग्रॅमला न्यायला वेळ लागत नाही. गिऱ्हाइकाने साल बदलून मागितलं तरी पुन्हा ओतकाम नाही. कडेची मण्यांची ओळ आणि शिरोरेखा हाताने इतकी एकसारखी येणं अवघडच.

प्लास्टरचं काम संथ. 27 मिमीच्या नाण्यासाठी सहापट, म्हणजे साधारण 16 सेंमीची चकती घ्यायची. तिच्यावर प्लॅस्टिसिनमध्ये, म्हणजे न वाळणाऱ्या मऊ मातीत, आकृती उठवायची आणि वर प्लास्टर ओतून उलटा साचा काढायचा. अक्षरं या उलट्या साच्यात, आरशातल्यासारखी, कोरायची. मग साबणाच्या पाण्याचा हात देऊन सुलटा काढायचा. साबण लावायचा राहिला तर दोन्ही प्लास्टरं एकमेकांना धरतात आणि सगळं काम वाया. प्लास्टर पाण्यात भुरभुरायचं, पाणी प्लास्टरवर ओतायचं नाही. आपल्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापतं की प्लास्टर लगेच धरतं, बुडबुडे आतच राहतात आणि नेमके नाकाच्या शेंड्यावर निघतात. माठातलं पाणी घ्या.

एवढा खटाटोप करूनही माझं मन प्लास्टरकडे झुकतं, ते एका त्रासापायी: पडद्यावर खोली कळत नाही. नाण्यावर 0.2 मिमी उठाव असेल तर प्लास्टरवर तो 1.2 मिमी होतो, बोटाला लागतो. पडद्यावर चेहरा हातभर मोठा करून, दिवा हवा तिकडे फिरवून बघता येतो, त्यामुळे गाल भरलेला वाटतो. चांदीत तोच गाल सपाट येतो. मग घाबरून उठाव वाढवला जातो. तो मागच्या बाजूच्या उंच भागासमोर आला, की धातू दोन्हीकडे पुरत नाही. विठोबाच्या नाकामागे कळस आला, तर आधी नाकच बोथट उठणार. दाब वाढवला तर डाय तडकते.

फोटोवरून थेट उठाव काढण्याची सवय तर फारच वाईट. सॉफ्टवेअर उजळ ते उंच आणि काळं ते खोल धरतं. सावळ्या विठोबाचा चेहरा खड्ड्यात जातो आणि कपाळावरचा गंध काडीसारखा वर येतो. यात सॉफ्टवेअरचा दोष कमी, शिकणाऱ्याच्या घाईचा जास्त. पण प्लास्टरमध्ये ही घाई मुळात करताच येत नाही.

हाती ऑर्डरी असतील आणि दिवाळी तोंडावर असेल, तर संगणकावरूनच सुरुवात करावी लागेल, त्यात गैर काही नाही. वेळ असेल तर निदान पहिले सहा महिने आकृती प्लास्टरमध्ये करा, अक्षरं आणि कडा संगणकावर. वीस रुपयांचं नाणं खिडकीच्या तिरप्या उजेडात धरून दहापट भिंगाखाली बघा. धान्याची कणसं किती थोड्या उंचीत बसवली आहेत ते दिसेल. आणि फाइल डायला देण्याआधी पडद्यावर दिवा एकाच जागी ठेवा, मॉडेल 27 मिमीचं करून हातभर लांबून पाहा. नाक दिसत नसेल, तर ते चांदीतही दिसणार नाही.