हिरवा पेला: बागेबाहेरचा, घरपोच की घरचा?

"भावोजी, तुमचं सगळं करून झालंय, तर सांगा ना, कुठलं घेऊ?" मेहुण्याने विचारलं. त्याच्या बायकोला सात दिवसांचं घरपोच डिटॉक्स पॅकेज हवंय, त्याचा स्वतःचा ओढा बागेबाहेरच्या ज्यूसवाल्याकडे. हिरवा रस मी वर्षभर बागेबाहेर प्यायलो, सात दिवस घरपोच प्यायलो आणि गेली तीन वर्षं घरच्या मिक्सरवर आहे.

एक आधीच सांगून टाकतो. शरीरातला कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करतच असतात. हिरव्या रसाने त्यांचं काम हलकं होतं, असं मानायला मला तरी काही आधार सापडला नाही. सकाळी पोटात थोडा भाजीपाला गेला की दहा वाजता वडापाव जरा कमी आठवतो, एवढाच माझा हिशोब. तुमची अपेक्षा याहून मोठी असेल तर पुढचं वाचून निराशा होईल.

चवीला बागेबाहेरचा रस पहिला, हे मान्य. ओळीने मांडलेली स्टीलची भांडी, त्यांवर चिकटवलेली नावं: दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर. शेजारी उभे असलेले काका न विचारता तुमच्या मधुमेहावर उपाय सांगत असतात. मी दुधी-आवळा घ्यायचो, वर जिरेपूड आणि काळं मीठ. तशी चव मला घरी अजून जमलेली नाही.

मग एके दिवशी घोट कडवट लागला. "आवळा असेल साहेब," ज्यूसवाला म्हणाला. मी पेला अर्ध्यावर ठेवला. झालं काहीच नाही, पण घरी येऊन जरा वाचलं. दुधी, काकडी, कारलं एकाच कुळातली. दुधी कडू निघाला तर त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात आणि त्यांवर उतारा नाही. 2010 मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीच्या रसाने मृत्यू झाला. त्यानंतर आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, तज्ज्ञ समितीने साध्या सूचना दिल्या: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू असेल तर टाकून द्या, दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका, आणि प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब झाले तर थेट रुग्णालय गाठा.

दुसऱ्या दिवशी मी ज्यूसवाल्याला म्हटलं, एक फोड द्या चाखायला. तो हसला. "साहेब, पहाटे चारला घरून काढून आणतो, फोड कुठून देऊ?" चूक त्याची नाही, माणूस कष्टाळू आहे. पण माझं मन तिथेच उडालं. आमची आजी काकडीचं टोक कापून घासायची, फेस काढायची, एक चकती स्वतःच्या तोंडात टाकायची आणि मगच कोशिंबिरीला हात घालायची. ही चकती त्या स्टीलच्या भांड्यात नाही आणि सीलबंद बाटलीत तर नाहीच.

घरपोचचा थाट मोठा. रोज सहा बाटल्या, आणि 'ग्रीन' म्हणवणाऱ्या बाटलीच्या लेबलावर पहिलं नाव सफरचंदाचं. म्हणजे चोथा गेला, साखर राहिली. तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. फोनवरची ताई म्हणाली, "सर, टॉक्सिन्स बाहेर पडतायत." चौथ्या दिवशी मी गुपचूप कपभर चहा घेतला आणि अर्ध्या तासात सगळी टॉक्सिन्स गप्प झाली. वजन दीड किलो उतरलं, पंधरवड्यात परत आलं. माझंच असं झालं असेल, नाही म्हणत नाही.

तरीही पॅकेजच घ्यायचं असेल तर एक पाहा: पैसे घेण्याआधी ते तुम्हाला काय विचारतात? मला वजन आणि पिनकोड विचारला, बस्स. रक्त पातळ ठेवायची वॉरफॅरिन चालू असेल तर पालेभाज्यांमधलं के जीवनसत्त्व तिच्या आड येतं. मुतखड्याचा इतिहास असेल तर पालकातलं ऑक्झलेट, म्हणजे खडे व्हायला हातभार लावणारं द्रव्य, नडतं. हे न विचारणाऱ्याच्या हातून मी पेला घेणार नाही. लेबलावर प्रत्येक घटकाचं प्रमाण नसेल तरीही नाही.

मुक्कामी राहून करायचं असेल तर गोष्ट वेगळी. उरुळी कांचनला 1946 मध्ये गांधीजींनी सुरू केलेला आणि मणिभाई देसाईंनी वाढवलेला निसर्गोपचार आश्रम आहे. ज्याला घरी फ्रिजचा मोह आवरत नाही, त्याने आठवडा बाटल्यांपेक्षा तिथे घालवावा, असं मला वाटतं.

राहिलं घरचं. ज्यूसर घेऊ नका. त्याची जाळी घासताना निम्मं डिटॉक्स हातांचंच होतं. साधा मिक्सर पुरतो: चाखून घेतलेल्या दुधीच्या फोडी, मूठभर कोथिंबीर, पुदिना, आलं, लिंबू, पाणी. समितीची न मिसळण्याची सूचना इथे मी पुरती पाळत नाही, चाखल्यावर भागतं असं समजतो. तुम्हाला पटत नसेल तर दुधी एकटाच घ्या. गाळायचं नाही. पालक मी कच्चा घालत नाही, तो आमटीत बरा. कच्चं अळू घशाला खाजतं तेही ऑक्झलेटनेच, आणि अळूचा रस काढायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

घरच्याचे तोटेही आहेत. पावसाळ्यात पुदिना चिखलाने भरलेला येतो, तीनतीनदा धुवावा लागतो. सकाळी सहाला मिक्सर लावला की घर उठतं. महिन्यातून आठवडाभर तरी माझा खाडा होतोच.

मेहुण्याला म्हटलं, आधी पंधरा दिवस हे करून बघ, बाटल्या कुठे पळून जात नाहीत. रविवारी आम्ही दोघं मंडईत दुधी घ्यायला जाणार आहोत. त्याच्या बायकोने पॅकेजचं बुकिंग अजून रद्द केलेलं नाही, आणि मीही तसा आग्रह धरलेला नाही.