बग दुरुस्तीसाठी अपग्रेडचे पैसे: छोट्या दुकानाने कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

बडोद्यात रावपुऱ्यात माझ्या मावसभावाचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या लेखापालाने मागे त्याची तीन बिले परत पाठवली, आणि कारण होते एका पैशाचे. १,२३४ रुपये ५० पैशांच्या मालावर १८ टक्के जीएसटी २२२ रुपये २१ पैसे होतो. राज्यातल्या राज्यात माल विकला की हा कर केंद्राचा नऊ टक्के आणि राज्याचा नऊ टक्के असा दोन सारख्या वाट्यांत दाखवायचा असतो. त्याचे सॉफ्टवेअर आधी एकूण कर काढून मग त्याचे दोन तुकडे करत होते, त्यामुळे एका रकान्यात १११.११ आणि दुसऱ्यात १११.१० असे छापून येत होते. प्रत्येक वाटा स्वतंत्रपणे काढला असता, तर दोन्हीकडे १११.११ आले असते.

विक्रेत्याने फोनवर चूक लगेच मान्य केली. ती नव्या आवृत्तीत दुरुस्त झाली आहे, अपग्रेडचे पाच हजार रुपये भरा, असे त्याने सांगितले. भावाने मला विचारले, “दादा, आपण विकलेला पंखा पहिल्या दिवसापासून उलटा फिरत असेल, तर बदलून देताना आपण पैसे मागतो का?” मी दांडिया बाजारात छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो, म्हणून नवे सॉफ्टवेअर घेण्याच्या बेतात असलेल्यांसाठी पर्यायांची ही तुलना लिहीत आहे.

तुलनेआधी एक भेद लक्षात घ्यायला हवा, कारण विक्रेते तो बहुधा पुसून टाकतात. अपग्रेड या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे दोष (बग): विक्रीच्या दिवशी मालात असलेली, पण नंतर उघडकीस आलेली चूक. दुसरी कायद्यातला बदल. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले, तेव्हा प्रत्येक बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करावे लागले, आणि त्यात विक्रेत्याची काहीच चूक नव्हती. तिसरी नवी सोय, उदाहरणार्थ मोबाइलवरून बिल पाठवणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीसाठी पैसे मागणे मला रास्त वाटते, पहिलीसाठी नाही. सुरक्षेतल्या भोकांनाही मी पहिल्याच प्रकारात धरतो, कारण ते भोक सॉफ्टवेअर बनवतानाच राहिलेले असते आणि चोराला ते नंतर सापडते, एवढेच.

आता पर्याय पाहू. एकदाच पैसे भरून मिळणारा कायमचा परवाना सर्वांत स्वस्त दिसतो. भावाला नव्याने मिळालेल्या दरपत्रकांत असा परवाना ९,००० रुपयांना होता. पाच वर्षांत ५,००० चे एक अपग्रेड धरले, तरी १४,००० होतात. वार्षिक वर्गणीचा, म्हणजे सबस्क्रिप्शनचा भाव वर्षाला ३,६०० होता, म्हणजे पाच वर्षांचे १८,०००. तिसरा विक्रेता परवान्याचे १२,००० आणि दुसऱ्या वर्षापासून एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, वर्षाला २,४०० मागत होता; त्याची बेरीज २१,६०० झाली. नुसत्या बेरजेवर पहिला पर्याय जिंकतो, पण त्यात चूक दुरुस्त होण्याची वेळ विक्रेता ठरवतो आणि तिची किंमतही तोच ठरवतो. शिवाय दुरुस्ती पुढच्या आवृत्तीतच द्यायची म्हटले, की चालू आवृत्ती नीट करण्याची निकड त्याला उरत नाही. माझा मुख्य आक्षेप या रचनेला आहे. माणसे प्रामाणिक असली, तरी ती त्यांना चुकीच्या दिशेने ढकलते.

वर्गणीत ही अडचण येत नाही, कारण दुरुस्ती आणि नवी सोय एकत्रच येते आणि वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. मात्र वर्गणी थांबली की बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअरही थांबते, आणि जुनी बिले पाहायलासुद्धा पैसे भरावे लागू शकतात. हिशेबाच्या वह्या अनेक वर्षे जपून ठेवाव्या लागणाऱ्या दुकानदारासाठी ही बाब साधी नाही. प्रोग्रामरांसाठी साधने बनवणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीने यावर काढलेला मार्ग मला पटतो: सलग बारा महिने वर्गणी भरली, की एक ठरावीक आवृत्ती कायमची आपली होते आणि त्या आवृत्तीतल्या बगच्या दुरुस्त्याही तिच्यासोबत मिळतात. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी अट कोणी देते का, हे विचारून पाहावे.

मुक्त, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरबद्दल थोडे सावधपणे बोलायला हवे. पत्रे आणि तक्ते बनवणाऱ्या लिबरऑफिसमध्येही एका आवृत्तीमालिकेला जेमतेम नऊ महिने दुरुस्त्या मिळतात आणि मग पुढची मालिका घ्यावीच लागते, फक्त ती फुकट असते. उबुंटू या संगणक-प्रणालीच्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या, आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या मोफत मिळतात. पत्रे, तक्ते आणि संगणकाची मूळ प्रणाली यांसाठी मी हे बिनदिक्कत सुचवतो. जीएसटीच्या बिलांसाठी मात्र फोन उचलणारा माणूस लागतो, आणि तो इथे आपला आपण शोधावा लागतो.

मोठ्या कंपन्या जुन्या आवृत्तीच्या दुरुस्तीचे काय करतात, हेही पाहण्याजोगे आहे. विंडोज १० ला मिळणाऱ्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. त्यापुढे व्यवसायांसाठी सुरक्षा-दुरुस्त्यांचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर ठेवला गेला. तो दरवर्षी दुप्पट होतो आणि या दुरुस्त्या जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात. दहा वर्षे मोफत दुरुस्ती दिल्यानंतर पैसे मागणे मला अन्यायाचे वाटत नाही. जुनी आवृत्ती तपासत राहायला माणसे लागतात, आणि त्यांचे पगार कुठून तरी निघावेच लागतात. तरीही याच कंपनीने २०१४ मध्येच आधार संपलेल्या विंडोज एक्सपीसाठी मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा, सर्वांना मोफत दुरुस्ती दिली. असे भोक एका संगणकापुरते राहत नाही, ते शेजारच्या संगणकालाही बाधते, हे तिथे मान्य करावे लागले.

युरोपीय संघाच्या सायबर रेझिलियन्स कायद्याने हा भेद कागदावर आणला आहे. त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. त्यानुसार साधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या द्याव्या लागतील, त्या सहसा मोफत असतील, आणि तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे नव्या सोयींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतील. आपल्याकडे तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात विक्रीकराच्या संदर्भात म्हटले होते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी हेतूने केलेल्या खरेदीला लागू होत नाही. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वापरणाऱ्याला मात्र त्यातून वगळलेले नाही. एका पैशासाठी ग्राहक आयोगाकडे कोणी जाणार नाही, हे उघड आहे, म्हणून खरेदीपूर्वीची अटच महत्त्वाची ठरते.

या सगळ्याचा विचार करून मी भावाला एएमसीवाला, म्हणजे तिन्हींत महाग पर्याय सुचवला, पण एका अटीवर. एएमसीचे पैसे कायद्यातले बदल आणि फोनवरची मदत यांसाठी असतील, आणि हिशेबातली चूक किंवा सुरक्षेतला दोष घेतलेल्या आवृत्तीतच तीन वर्षे बिनशुल्क दुरुस्त केला जाईल, मग एएमसी चालू असो वा नसो, हे विक्रेत्याने दरपत्रकावर लिहून सही करावी. पहिला विक्रेता यावर गप्प राहिला. तिसऱ्याने तीनऐवजी दोन वर्षे लिहून दिली, आणि आम्ही ती मान्य केली. पैसे देण्याआधी भावाने त्याच्या डेमोवर १,२३४ रुपये ५० पैशांचे बिल काढून घेतले आणि करांचे दोन्ही रकाने माझ्यासमोर ताडून पाहिले.