नर्सरीतली वीड मॅट: पैसे वसूल, पण फक्त जमिनीपुरते

तण दाबायला जमिनीवर अंथरतात ती काळी विणलेली वीड मॅट घ्यावी का, असं ओळखीचे नर्सरीवाले विचारतात. माझं सांगणं एवढंच: जरूर घ्या, पण 100 जीएसएमच्या (चौरस मीटरला 100 ग्रॅम वजनाच्या) खालची घेऊ नका आणि ती अंथरली म्हणजे तण संपलं असं धरून चालू नका.

आमची नर्सरी ठाण्यात घोडबंदर रोडला, ओवळ्याच्या बाजूला. शेडनेटखाली क्रोटन, अ‍ॅग्लोनिमा, फर्न. बाहेर मोगरा, जास्वंद आणि आंब्याची कलमं. मृगाचा पाऊस लागला की आठवड्याभरात टाकळा, केना, माठ, दुधी असं सगळं तण वर येतं. शेडनेटमध्ये रोजचं पाणी असल्यामुळे तिथे घोळ आणि लव्हाळा बाराही महिने. नेमकी पावसाळ्यातच रोपांची विक्री जोरात असते आणि तेव्हाच माणसं बेणणीत, म्हणजे तण काढण्यात, अडकून पडतात. मी मॅट घेतली ती या कारणाने.

तणनाशक शेडनेटच्या आत मारायला माझा ठाम विरोध आहे. कुंड्या एकमेकींना खेटून असतात, हवा कोंडलेली असते, थोडे तुषार उडाले तरी विक्रीच्या झाडाचं पान वाकडं होतं. पेंडीमिथॅलिनसारखं तण उगवण्याआधी मारायचं औषधसुद्धा वाफ होऊन पसरतं, बंद पॉलिहाऊसमध्ये तर ते नकोच. ग्लायफोसेट हे तणनाशक पेस्ट कंट्रोलवाल्यांशिवाय कोणी वापरू नये, असा आदेशच केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022मध्ये काढला होता.

मॅटचं काम साधं आहे. पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्या उभ्या-आडव्या विणलेल्या असतात, त्यामुळे पाणी खाली जातं पण उजेड जात नाही. खालचं बी रुजलं तरी उजेडावाचून मरतं. शेतात वापरतात ती प्लास्टिकची पातळ मल्चिंग फिल्म नर्सरीच्या जमिनीवर टिकत नाही. एक तर पाणी वर साचतं, आणि दुसरं म्हणजे लव्हाळा. त्याचा कोंब दाभणासारखा असतो. आधी फिल्मवर एक बारीक उंचवटा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी हिरवं टोक आरपार. विणलेल्या जाड मॅटमधून तो सहसा येत नाही. मी एकदा जोडाजवळची मॅट उचलून पाहिली, तर खाली पिवळट पांढरे कोंब आडवे सरकत जोडाच्या दिशेने निघालेले. म्हणून लव्हाळ्याच्या जागी दोन पट्टे एकमेकांवर निदान फूटभर चढवा. इतर ठिकाणी अर्धा फूट पुरतो. लव्हाळ्याचे खालचे गड्डे मात्र लवकर मरत नाहीत, जमिनीत वाट बघत राहतात. मॅट अंथरण्याआधी ते जमतील तेवढे खणून काढावेत.

अंथरण्याआधी जमिनीला उतार द्या. ठाण्याच्या पावसात मॅटवर डबकं राहिलं की शेवाळ धरतं आणि कुंडी घेऊन चालणारा माणूस घसरतो. आम्ही खाली मुरूम दाबून घेतला. कापलेली कड तापवलेल्या पात्याने वितळवून घ्यायची, नाहीतर धागे सुटत जातात आणि पायात अडकतात.

जीएसएमइतकंच यूव्हीकडे, म्हणजे मॅट उन्हातल्या अतिनील किरणांना टिकेल का याकडे बघा. नवी मुंबईतल्या एका दुकानातून ‘यूव्हीवाली’ म्हणून घेतलेला स्वस्त रोल बाहेरच्या उन्हात एका उन्हाळ्यात चुरा झाला, पट्ट्या बोटांनी तुटायला लागल्या. दुकानदाराने हात झटकले. तो प्लास्टिकचा चुरा मातीतून वेचून काढणं बेणणीपेक्षा वाईट काम आहे. शेडनेटखालची जाड मॅट मात्र दोन-तीन पावसाळे काढूनही घट्ट आहे. मला ती चौरस मीटरला तीस रुपयांच्या आसपास पडली आणि बेणणीची मजुरी वाचून पहिल्याच पावसाळ्यात भरून निघाली.

आता कुंड्यांचं. तिथे मॅटचा काही उपयोग नाही, आणि नर्सरीचं खरं तण कुंडीतच असतं. गिऱ्हाईकही तेच बघतं. आंबुशीच्या पिकलेल्या शेंगेला बोट लागलं की बी फटकन उडून शेजारच्या चार कुंड्यांत जातं. आमच्या मावशी नव्या मुलांना बजावतात, “शेंग धरायच्या आधी उपट रे बाळा, मागाहून हात लावलास तर तूच पेरतोस.” फर्नच्या ओल्या कुंड्यांवर लिव्हरवर्टचा चपटा हिरवा थर चढतो, त्यावर भाताचा तूस चांगला चालतो. कुंडीत इंचभर थर द्यायचा. तूस वरून पटकन सुकतो, त्यामुळे बी पडलं तरी रुजत नाही. कर्जत-मुरबाडकडच्या गिरण्यांत तो सहज मिळतो. त्यात राहिलेले भाताचे दाणे उगवतात, पण ते चिमटीत निघतात.

आणि शेणखत! कच्चं शेणखत कुंडीत भरलं तर वर कितीही भारी मॅट-तूस घाला, तण आतूनच येणार. ढीग 55-60 अंशांपर्यंत तापू द्यावा आणि बाहेरचं आत येईल असा पालटत राहावा, म्हणजे बरंचसं बी मरतं.

मॅटवर सांडलेली माती रोजच्या रोज झाडायला लागते. नाहीतर वाऱ्याने आलेलं बी वरच रुजतं, मुळं विणीत शिरतात आणि उपटताना मॅट फाटते. कुंड्याही महिन्या-दोन महिन्यांनी हलवायच्या, कारण तळाच्या भोकातून निघालेली मुळं खाली जमिनीत उतरतात. मग गिऱ्हाईकासमोर कुंडी ओढावी लागते आणि ते झाड घरी जाऊन मान टाकतं.

रोल घेताना वाफ्याच्या रुंदीचाच घ्या, जितके जोड कमी तितकं बरं. मातृवृक्षांच्या, म्हणजे ज्यांच्या काड्यांपासून कलमं करतो त्या झाडांच्या, बुंध्यांना मात्र मॅट गुंडाळू नका, तिथे पालापाचोळाच घाला.